कोपऱ्यातल्या घराचं पुढचं दार

३ सप्टेंबर

आत्या,

नमस्कार. साष्टांग म्हणत नाही, कमरेत चमक भरलीय आणि उगाच लिहिलं तर तुला लगेच कळेल. फोनवर तुला ऐकू येत नाही, मेसेज तू उघडत नाहीस, मग म्हटलं चला, शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच पेन धरू. अक्षराला नावं ठेवू नकोस.

बातमी अशी, की तुझ्या भाचीला बढती मिळाली. पालिकेच्या कुटुंब-मदत खात्याची पुनर्रचना करायचीय आणि ती माझ्यावर सोपवलीय. आधी अभिनंदन कर आणि मग शिव्या दे. गावाच्या चार टोकांची चार केंद्रं बंद होतील आणि मुख्य इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, सगळ्यांसाठी एकच कक्ष होईल. लॉन्ड्रीच्या वरचं तुझं केंद्रही जाणार. परवा तिथे जाऊन आले. तोच वाफेचा वास, तीच डगमगणारी पायरी, आणि भिंतीवर पोरांनी काढलेली ती सहा पायांची गाय. वाईट वाटलं. पण खरं सांगू? चार केंद्रांच्या चार तऱ्हा होत्या. एकीकडे आजारी आईला दर दोन दिवसांनी भेट, दुसरीकडे तशाच आईला महिन्यातून एकदा. पोर कुठल्या रस्त्यावर जन्मलं, त्यावर त्याला मदत किती मिळणार ते ठरायचं. हे मला कधी पटलं नाही, आणि तुलाही पटत नव्हतं, नाही म्हणू नकोस.

तुझी जागा मात्र भरणार नाहीत. मी भांडले, पण खर्चाचं नाव निघालं की साहेबांचे कान तुझ्यापेक्षा घट्ट बंद होतात. तू निवृत्त झाल्यापासून जी हंगामी मुलगी तुझ्या घरांवर जाते, तिचीही मुदत या महिन्यात संपते. तर तुझ्या घरांपैकी कोणाकडे जास्त लक्ष ठेवू ते लिही. सुनेला नमस्कार सांग.

तुझी
भाची

१२ सप्टेंबर

साहेबीणबाई,

अभिनंदन. शिव्या राखून ठेवल्यात, पुढे लागतील.

मी बरी आहे. लेकाचं घर सातव्या मजल्यावर, खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या तेवढ्या दिसतात. सून गुणी आहे. पण माझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, त्यामुळे ती बिचारी दिवसभर भांडते आहे असं शेजाऱ्यांना वाटतं. जिन्यात बायका माझ्याकडे कीव करून बघतात, मीही जरा पडेल चेहरा करते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, काढून घ्यायचाय.

घरांचं विचारलंस. बाकीची या ना त्या रीतीने तरतील. एक मात्र तरायचं नाही, कालव्याच्या रस्त्यावरचं कोपऱ्यातलं घर. तिथली बाई घरी शिवण करते, पडदे, विजारींच्या कडा दुमडणं, असलं. मुलगी नऊ वर्षांची. तिला मी मुंगी म्हणते, कारण ती कधी रिकामी बसत नाही. धाकटा ढब्बू चार वर्षांचा. बाप मारायचा. कोर्टाने त्याला त्या घराकडे फिरकू नकोस म्हणून बजावलंय आणि तो ते मधूनमधून विसरतो. बाई वाईट नाही, पण तिला झोपेचे दिवस येतात. अंगावरचं पांघरूण बाजूला करायचंही बळ नसतं. डोळे उघडे, पण आत कोणी नाही. हे दिवस लांबले तर पोरं उघड्यावर पडतात. म्हणून मी आठवड्यातून दोनदा जायचे, काम असो नसो. खिडक्या उघडायच्या, पोरांना न्हाऊ घालायचं, तिला उठवून खुर्चीत बसवायचं, औषध घेतलं का बघायचं. यात शास्त्र काही नाही. कोणीतरी गेलं की ते घर चालतं. मशीनचा आवाज येत असला की समजायचं, बाई उठल्यात.

आणि जायचं मागच्या दाराने. बोळातून, कचऱ्याच्या डब्यांच्या बाजूने, थेट स्वयंपाकघराशी. पुढची बेल वाजवायची नाही. हे सोडून बाकी सगळं विसरलीस तरी चालेल.

ती बाई स्वतः अनाथालयात वाढलीय. पोरं तिच्यापासून तोडली तर तिघंही जातील. ती एका छपराखाली राहावीत, एवढंच माझं मागणं आहे.

आत्या

२ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कोपऱ्यातलं घर मी बाजूला काढून ठेवलंय. पण मागच्या दाराचं जमणार नाही, आणि का ते नीट सांगते, नाहीतर तू म्हणशील खुर्ची डोक्यात गेली.

ऑगस्टमध्ये आपली एक नवीन मुलगी अशाच एका बोळातून एका घरी गेली. घरातल्या म्हाताऱ्याला वाटलं चोर शिरला. त्याने दांडक्याने मारलं. तिचा जबडा तारेने बांधलाय, अजून नळीने पिते. तिची आई माझ्या समोरच्या खुर्चीत बसून रडली आणि म्हणाली, "तुम्ही लोक माझ्या पोरीला चोरासारखं का पाठवता?" तेव्हापासून नियम असा, की पालिकेचं माणूस पुढच्या दाराने जाईल, दिवसाउजेडी, दोघींनी मिळून, गळ्यात ओळखपत्र, बेल वाजवून, आपण कोण ते मोठ्याने सांगून. हा नियम साहेबांचा नाही. मी लिहिलाय, आणि मला त्याचा अभिमान आहे.

दुसरं, ठरलेल्या भेटी बंद. आता गरजेप्रमाणे भेट. सल्लागाराने प्रत्येक घराला रंग दिलाय, लाल, पिवळा, हिरवा. तो रंगांबद्दल बोलतो तेव्हा साड्यांच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं, पण पद्धत वाईट नाही. तुझं घर पिवळं आहे. पिवळ्या घरी पथक जातं, तीन वेळा जाऊनही कोणी दार उघडलं नाही तर कुटुंबाला मदत नको आहे असं धरतात. कोणावर मदत लादायची नाही, हे तूच मला शिकवलंस.

तुझी
भाची

१० ऑक्टोबर

बाई,

त्या मुलीच्या जबड्याचं वाचून जीव कळवळला. तिला माझा आशीर्वाद कळव. नियम चांगला आहे. पण सगळ्या घरांना एकच चप्पल बसत नाही. कोपऱ्यातल्या घरी पुढून गेलीस तर कोणी दार उघडणार नाही. मी सांगते ना, नाही उघडणार. आणि मग तुम्ही त्याला मदत नको आहे म्हणाल. अगं, ज्याला मदत नको असते तो दार उघडून तोंडावर सांगतो.

का उघडणार नाही ते लिहिण्यासारखं नाही. मी त्या घरात एक गोष्ट शिकवून ठेवलीय, खात्याच्या नियमात बसणारी नव्हती. भेटलीस की सांगेन. नोकरीभर तोंड मिटून काम केलं, आता कागदावर उलटी करणार नाही.

एक कर. स्वतः जा. एकदाच, मागून जा, मुंगीला तोंड दाखव, म्हण मी आजीची भाची. ती तुला धरून ठेवील. त्या हंगामी मुलीलाही मी असंच ओळखीचं करून दिलं होतं. ती गेल्यापासून तिथे कोण गेलंय? खरं सांग.

आत्या

३ नोव्हेंबर

आत्या,

रागावू नकोस. गेले होते.

कामाचा डोंगर आहे. चार केंद्रांची कपाटं एका मजल्यावर आलीत आणि जिन्यात माणसांपेक्षा खुर्च्या जास्त आहेत. लॉन्ड्रीवरच्या केंद्राला गुरुवारी कुलूप लागलं. गाय पुसली नाही, मी पुसू दिली नाही.

तर त्या दिवशी कालव्याकडूनच परत येत होते. गाडी थांबवून कोपऱ्यातल्या घरासमोर उभी राहिले. खिडकीत दिवा होता, पडदा स्वच्छ, आणि मशीनचा आवाज चांगला रस्त्यापर्यंत येत होता, एकसारखा, न थांबता. तू म्हणतेस तसं, बाई उठल्या होत्या आणि कामाला लागल्या होत्या. साहेबांची मीटिंग होती, म्हणून आत गेले नाही. काम करणाऱ्या बाईला उठवून आपण कशाला चौकशी करायची? घर हिरवं करावं का असा विचार आला, पण तुझ्या धाकाने पिवळंच ठेवलंय. या महिन्यात पथक जाईल.

आता डोळ्यांचं बघ. ऑपरेशन कधी आहे?

तुझी
भाची

११ नोव्हेंबर

माझे बाई,

मशीन चालू होतं हे वाचलं आणि रात्री नीट झोपले. थंडी सुरू झाली की तिचं बिघडतं, यंदा उलटं झालं म्हणायचं. आत गेली नाहीस त्याचा राग आहे, पण मशीन चालतंय तोवर घर चालतंय.

माझं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात, आधी एक डोळा, मग दुसरा. त्यानंतर बरेच दिवस वाचायचं-लिहायचं नाही म्हणून डॉक्टरने दम दिलाय. माझं पत्र आलं नाही तर मेली असं समजू नकोस. आंधळी कोशिंबीर चाललीय असं समज.

आत्या

९ डिसेंबर

आत्या,

डोळे बरे असतील. हे पत्र जमेल तेव्हा वाच, घाई नाही.

कोपऱ्यातल्या घराचं कळवते. पथक तीनदा जाऊन आलं. वेगवेगळ्या दिवशी गेल्या, बेल वाजवली, मोठ्याने नाव-गाव सांगितलं, दारातून चिठ्ठीही सरकवली. आत चिटपाखरू नाही. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, बऱ्याच दिवसांत बाई दिसली नाही, बहिणीकडे गेली असेल. म्हणजे कोणीतरी मायेचं माणूस मिळालं तिला. आम्ही ते घर यादीतून काढलं. तुझं इतक्या वर्षांचं काम फळाला आलं, असं मी मनात म्हटलं.

साहेबांनी आज सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. वाट बघणारी कुटुंबं निम्म्यावर आली. मी घरी येऊन तुझी आठवण काढली, कारण दुसरं कोणाला सांगणार?

तुझी
भाची

४ जानेवारी

तिला बहीण नाही. अगं, अनाथालयात वाढलेल्या बाईला बहीण कुठून येणार?

तुझं पत्र आज वाचलं. आलं तेव्हा डोळ्यांवर पट्ट्या होत्या, मग एक डोळा चिघळला आणि मुदत लांबली. सून म्हणाली, मी वाचून दाखवते. मी नको म्हटलं. तिला ओरडून वाचावं लागलं असतं आणि दुसऱ्याच्या घरातली गोष्ट अख्ख्या जिन्याने ऐकली असती. पत्र उशीखाली ठेवून मी इतके दिवस झोपले. माझ्या या सोवळेपणाला आग लागो.

आता सांगते. बाप दारावर यायचा तेव्हा नेहमी दारू पिऊन, शिव्या देत यायचा असं नाही. गोड बोलून यायचा. खेळणी आणायचा. एकदा तर मी पालिकेचा माणूस, मदत घेऊन आलोय, असं म्हणून आला आणि ढब्बूने दार उघडलं. त्या दिवशी बाईचा हात मोडला. मग मी पोरांना पुतळ्याचा खेळ शिकवला. पुढची बेल वाजली की जिथे असाल तिथे पुतळा. मशीन बंद, श्वास बारीक. कोणी असो, बाईमाणूस असो, पालिकेचं नाव सांगो, दारातून काही सरकवो, हलायचं नाही. पालिकेची खरी माणसं मागूनच येतात. महिना महिना सराव करून घेतला. मुंगीला एकदाही हरवता आलं नाही.

ती घरातच आहेत. लेकाने तुला चार वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. मग तुमच्या कक्षाला लावला, तिथे बाजाच वाजत राहिला. शेवटी त्याच्याकडून तुला मेसेज पाठवलाय. हे पत्र पोचेपर्यंत तू गेलेली असशील. मागून जा. आत्ताच्या आत्ता जा.

१३ जानेवारी

आत्या,

मेसेज त्याच दुपारी, मीटिंग संपल्यावर पाहिला. तशीच गेले. बोळातून, डब्यांच्या बाजूने. मागच्या दाराला कडी नव्हती. हात लावताच उघडलं.

स्वयंपाकघर लख्ख होतं. भांडी पालथी घातलेली, ओटा पुसलेला, फडकं दोरीवर. मुंगी शेगडीशी स्टुलावर उभी होती. तिने मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही आजीकडून आलात ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "आजीला सांगा, बेल तीनदा वाजली. मी एकदाही हलले नाही. त्यालाही हलू दिलं नाही."

बाई आतल्या खोलीत होती. हाडांचा सापळा. कधीपासून उठली नव्हती ते पोरीलाही सांगता येईना. मी रस्त्यावरून मशीन ऐकलं होतं, ते मुंगी चालवत होती. कडा दुमडून बाजारातल्या कापडवाल्याला नेऊन देत होती आणि आई कामात आहे म्हणून सांगत होती. शाळेतल्या बाईंनी ती येत नाही म्हणून दोनदा कळवलं होतं. ते कळवलं लॉन्ड्रीवरच्या केंद्रात, म्हणजे कुलपात.

ढब्बू आईच्या पायाशी गोधडीत होता. ताप होता, छातीत घरघर होती. दुसऱ्या वेळी बेल वाजली तेव्हा त्याला खोकला येत होता, तर मुंगीने त्याला उशीत तोंड खुपसायला शिकवलं. हे तिने मला सांगितलं, आत्या, शाबासकी मिळेल म्हणून सांगितलं. मी त्याला उचलला. अंग भाजत होतं आणि वजन काही नव्हतंच. हॉस्पिटलात दोन दिवस काढले त्याने. शुक्रवारी पहाटे गेला.

बाईला दुसऱ्या वॉर्डात ठेवलंय. तिला सांगितलंय, पण समजलं का, ते कळत नाही. मुंगीला गावाबाहेरच्या बालगृहात नेलं. गाडीत बसताना ती मला म्हणाली, मागच्या दाराला कडी घालू नका, आजी येईल.

मला काही लिहिता येत नाही. शिव्या राखून ठेवल्या होत्यास ना, त्या दे. मला त्या हव्या आहेत.

भाची

२१ जानेवारी

शिव्या कोणाला देऊ? तुझ्या नियमाने दार बाहेरून बंद झालं आणि माझ्या खेळाने आतून. मधे पोर गेलं.

दोन दिवस जेवले नाही. मग सुनेने ताट समोर ठेवलं आणि ओरडलीच नाही, नुसती बसून राहिली. मग जेवले. लाज वाटली जेवताना.

मी लिहिलं असतं तर? दहा ऑक्टोबरच्या पत्रात चार ओळी जास्त लिहिल्या असत्या तर? मला खात्याची भीती नव्हती, निवृत्त बाईचं खातं काय वाकडं करणार. मला माझं शहाणपण जपायचं होतं. आणि तू गाडीतून उतरून पंधरा पावलं बोळात गेली असतीस तर? दोघींनी एकमेकींना हे विचारत बसायचं म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही.

चौकशी होईल. तिथे खेळाचं सांग. माझं नाव सांग. लपवू नकोस.

आत्या

१७ फेब्रुवारी

आत्या,

चौकशी झाली. तीन माणसं, एक लांब टेबल, पाण्याचे पेले. मी तुझ्या खेळाचं सांगितलं. तुझ्या पत्रांचंही सांगितलं, की तू पुढून जाऊ नका म्हणून दोनदा बजावलं होतंस आणि मी ऐकलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकाने विचारलं, "या सूचना खात्याच्या नोंदीत होत्या का?" नव्हत्या. आत्याच्या पत्रात होत्या. मग त्याने पेन खाली ठेवलं. घरची पत्रं आणि निवृत्त बाईचे खेळ चौकशीच्या कक्षेत येत नाहीत, म्हणाले. निष्कर्ष असा, की पथकाने तिन्ही भेटी नियमाप्रमाणे दिल्या आणि कोणाची कसूर आढळली नाही.

मला वाटलं होतं, मला काढून टाकतील. मी त्याची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. साहेबांनी बाहेर येऊन खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नियम भक्कम होता म्हणून आपण वाचलो." शेजारच्या गावची पालिकाही तो नियम घेणार आहे. मला तिथे जाऊन समजावून सांगायचंय.

राजीनामा लिहून ठेवलाय. देत नाही. मी गेले तर माझ्या जागी कोणीतरी येईल ज्याला कोपऱ्यातलं घर माहीतच नसेल. हा विचार शहाणपणाचा आहे की भित्रेपणाचा, ते मला ठरवता येत नाही. मी आता जेवणाच्या सुट्टीत त्या बोळात जाऊन उभी राहते. काही करत नाही, नुसती उभी राहते.

बाई पुढच्या आठवड्यात घरी येईल. मुंगीला परत द्यायचं की नाही ते घराची पाहणी करून ठरेल. पाहणी पथकच करेल. तो नियमही माझाच आहे.

भाची

२६ मार्च

भाचीस,

पत्त्यावरून कळलंच असेल. मी कोपऱ्यातल्या घरी येऊन राहिलेय. लेक चिडला, सून रडली, मी पिशवी भरली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून लिहितेय.

बाईला आता झोपेचे दिवस येत नाहीत. तिला झोपच येत नाही. औषध घेते, खाते, केस विंचरते, सांगितलं ते सगळं करते. महिन्यातून एकदा बालगृहात जाऊन मुंगीला भेटते. मला भेटू देत नाहीत, मी नात्यातली नाही. बाई म्हणते, मुंगी आता तिथे काहीच करत नाही. ताट ठेवलं तर जेवते, उठ म्हटलं तर उठते. बाकी वेळ हात मांडीवर ठेवून बसून असते. ढब्बूचं तिला सांगितलंय. तिने एवढंच विचारलं, की तो खोकला म्हणून गेला का.

इथे बाई काय करते ते सांगते. दवाखान्यातून आली त्या दिवशी तिने पुढचं दार सताड उघडलं आणि दाराला वीट लावली. तेव्हापासून ते उघडंच आहे. दाराच्या आतल्या बोळकंडीत खुर्ची टाकून ती समोर बसते, अंगावर शाल घेऊन. म्हणते, आता कोणाला बेल वाजवायलाच लागू नये. वारा सरळ आत येतो, शिवायला आलेले पडदे उडतात, मी सगळे खिडकीच्या गजांना बांधून ठेवलेत. दार लाव म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघते. बोलते हळू, मला ऐकू येत नाही, म्हणून पाटीवर लिहून दाखवते. मुंगीची पाटी आहे.

गेल्या आठवड्यात तो बापही येऊन गेला. उंबऱ्यात उभा राहिला. मी शेगडीवरची किटली हातात घेतली. बाई खुर्चीतून हललीसुद्धा नाही, दारही लावलं नाही. तो बघत राहिला आणि काय वाटलं कोणास ठाऊक, निघून गेला.

काल तुझ्या पथकातल्या दोघी पाहणीला आल्या. गळ्यात ओळखपत्र, बोलायला मऊ, वाईट म्हणण्यासारखं काही नाही. दार उघडंच होतं तरी त्यांनी बेल वाजवली. घर पाहिलं, औषधं पाहिली, मुंगीचं अंथरूण पाहिलं. मग पुढच्या दाराशी येऊन एकमेकींकडे पाहिलं. दार दिवसरात्र उघडं असतं, बापाला घरात शिरायला आडकाठी नाही, सबब घर मुलीसाठी सुरक्षित नाही, असं त्यांनी लिहून नेलं. मी भांडणार होते. पण त्यांचं चुकलं कुठे ते मला सांगता येईना. पुढची पाहणी सहा महिन्यांनी.

त्या गेल्यावर बाईने दार लावलं. पाच मिनिटं गेली असतील. मग उठून परत उघडलं. मग परत लावलं. मी पीठ मळत होते ते तसंच राहिलं, मी तिच्याकडे बघत बसले. शेवटी ती पाटी घेऊन माझ्याकडे आली.

तिला असं विचारायचंय, की दार उघडं ठेवलं तर मुंगी मिळेल, की बंद ठेवलं तर. जे असेल ते करीन म्हणते, मरेपर्यंत तसंच करीन म्हणते. तुमची भाची नियम करते, तिला विचारा, असं लिहिलंय. उत्तर तू दे.

आत्या